उस्तादांचा डबा

आपल्या रुआबांध्याच्या घरात वरच्या मजल्यावर सात वर्षं एक गृहस्थ राहत होते. ते रोज सकाळी डोळ्यांवर पट्टी बांधून बुटांच्या नाड्या बांधायचे. पट्टी न सोडता जिना उतरायचे, अंगणातल्या नळावर तांब्या भरायचे, तुळशीला पाणी घालायचे आणि तसेच वर जायचे. एकदा मी उन्हासाठी तुळशीची कुंडी दोन हात सरकवली आणि तिच्या जागी बादली ठेवली. चार दिवस बादलीला पाणी मिळालं. मी सांगितल्यावर म्हणाले, "चांगलं केलं म्याडम. दुश्मन बी सांगून जागा नाही बदलवत."

त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मीही तेच लिहिते. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

ओजस, तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. तुझी तिकडे परदेशात लष्कराच्या राखीव दलात निवड झाली आणि पहिल्याच आठवड्यात मन कणखर करण्याचं शिबिर आहे, हे कळलं. व्हिडिओतला तो टकला माणूस ओरडतो, मुलं ओरडतात, मग सगळे मिळून लाकडी फळ्या फोडतात. तू विचारलंस, "आजी, तू शिकवण्याच्या धंद्यातली. असल्या शिबिरांचा खरंच उपयोग होतो का?" सानिकानं खाली लिहिलं की हा नुसता आरडाओरडा आहे. तुमची आई हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल, कारण तुम्हा दोघांना देवनागरी जड जाते. तेव्हा सावकाश ऐका. उस्ताद असलंच शिबिर घ्यायचे.

ते भंडाऱ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथं छत्तीसगढात एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात कंत्राटावर लागले. जंगलातल्या ड्यूटीवर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला जाण्याआधी तीन दिवस त्यांच्या हवाली करायचे. वेळापत्रकात त्या तासांना मोठं इंग्रजी नाव होतं. मुलं त्याला 'हिंमत का पीरियड' म्हणायची.

पीरियडचे नियम होते. पाठ दाराकडे करून बसायचं नाही. शिंक आली तरी डोळे मिटायचे नाहीत, जे कुणालाच जमत नसे, उस्तादांनाही नाही. आणि 'लेकिन' हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्यानं बेडूकउड्या घेत मैदानाची फेरी मारायची. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, अहो, 'पण'शिवाय माणूस विचार कसा करेल? अर्धं व्याकरण त्या एका शब्दावर उभं आहे."

"म्याडम, ते तुमच्या शाळेत," ते म्हणाले. "गोळी आली त ते 'पण' आयकून घेईन का? हुकूम आला का पाय उचलला. मधात काही नाही पाहिजे."

हा नियम ते घरीही पाळायचे. मी म्हणायची, "भाजी घ्या, पण तिखट झाली आहे." ते घास तोंडाशी धरून थांबायचे. मी वाक्य बदलून "भाजी घ्या. तिखट झाली आहे." असं म्हटलं की खायचे.

आता त्यांची पाल. हा एवढ्या छातीचा माणूस पालीला घाबरायचा. वरून "म्याडम!" अशी हाक आली की मी केरसुणी घेऊन जायची. उस्ताद पलंगावर उभे असायचे, भिंतीला पाठ लावून, आणि मुद्रा अशी की जणू पलंगाची मजबुती तपासत आहेत. मी पाल हाकलली की खाली उतरून म्हणायचे, "हे वरच्या माळ्याच्या भाईर नाही जायला पाहिजे." ते कधीच गेलं नाही. माझ्यापाशी गुपितं सुखरूप असतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सानिकाच्या प्रगतिपुस्तकावरची सही, ओजसची एक गोष्ट, उस्तादांची पाल. मला त्याचा अभिमान होता.

मी त्यांना भोंदू म्हणत नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही घाईनं निकाल लावणार नाही. एकदा एक शिपाई मिठाई घेऊन आला होता. त्याच्या तुकडीवर अचानक गोळीबार झाला तेव्हा हातपाय गोठले, काही सुचेना, आणि मग कानात उस्तादांचा आवाज आला, 'श्वास!' चार मोजून आत, चार मोजून बाहेर, एवढंच उस्तादांनी त्याच्याकडून शंभर वेळा करून घेतलं होतं. त्यानं तेवढं केलं, मग हात हलला, मग तो बाजूच्या जखमी सोबत्याला ओढत झाडाआड गेला. उस्तादांच्या पाया पडताना तो रडत होता. तो गेल्यावर उस्ताद मला म्हणाले, "पाह्यलं? हा माहा पगार." श्वासाची ती गोष्ट खरी होती. मी आजही दाताच्या डॉक्टरकडे तेच करते.

तिसऱ्या दिवशी शेवटचा तास चिठ्ठ्यांचा. प्रत्येकानं कागदाच्या चिटोऱ्यावर आपली भीती लिहायची, नाव घालायचं नाही, घडी करून बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात टाकायची. उस्ताद झाकण लावायचे, डबा डोक्यावर उचलून विचारायचे, "डर कहाँ है?" मुलं ओरडायची, "डब्बे में!" मग मैदानात लोखंडी घमेल्यात सगळ्या चिठ्ठ्या न वाचता जाळायच्या. राख शेतात टाकायची. तुकडी दुसऱ्या दिवशी रवाना. उस्ताद म्हणायचे, "भीती वाचली का ती मोठी होते. न वाचता जाळली का मरते." बत्तीस वर्षं, आधी फौजेत आणि मग इथं, त्यांनी एकही चिठ्ठी उघडली नव्हती. फार सच्चा माणूस. कुणी म्हटलं की नुसतं बघू, तर त्याचा हात धरायचे.

एका वर्षी नेमक्या तिसऱ्या दिवशी उस्तादांना ताप भरला. पीरियड संपवून, चिठ्ठ्या गोळा करून ते मैदानातच बसले. त्यांना मोटरसायकलवर घरी घेऊन आला तो तुकडीतलाच एक मुलगा. अहिवाऱ्याचा, तिकडे चुनखडीच्या खाणी आहेत. उंच, लाजरा, हसला की तोंडावर हात धरणारा. त्यानं उस्तादांना वर नेऊन झोपवलं, ब्लँकेट पांघरलं आणि खाली येऊन डबा माझ्या हातात दिला. वरून उस्तादांचा आवाज आला, "म्याडम, तुमी जाळून द्या. आजच. वाचू नका, तुमाले आन आहे."

मुलानं चहा घेतला. जाताना तो डब्याकडे पाहत म्हणाला, "पूरा जर जाथे न, दाई?" म्हणजे सगळं जळून जातं ना, आई.

"पूरा जल जाता है, बेटा," मी म्हटलं.

मी शाळेत परीक्षा विभाग सांभाळला. दरवर्षी जुन्या उत्तरपत्रिका मी स्वतः उभी राहून जाळून घ्यायची. तिथं एक गोष्ट शिकले: घडी घातलेला कागद कडेनं काळा होतो आणि मधोमध तसाच राहतो. म्हणून प्रत्येक कागद उलगडायचा, सपाट करायचा, मग आगीत द्यायचा. माझा हात तेच करत गेला. वाचायचं नव्हतं. उलगडल्यावर मात्र डोळा कुठं ठेवायचा? मी शिक्षिका आहे, समोर अक्षर आलं की ते वाचलं जातं.

मला वाटलं होतं, मरणाची भीती असेल, घरच्यांची काळजी असेल. तशा काही होत्या. बाकीच्या निराळ्याच. अंधार पडला की मला नीट दिसत नाही. डाव्या पायाचा बूट एक नंबर लहान मिळाला आहे, पळताना बोटं बधिर होतात. झोपेत चालतो, कॅम्पमध्ये चाललो तर सोबत्यांची गोळी लागेल. सगळ्या हिंदीत. एकच छत्तीसगढीत होती, पेन्सिलीनं, शाळेतल्या मुलासारख्या गोल अक्षरांत: मोला गहिर पानी ले डर लागथे. तउँरे नइ आवय. मला खोल पाण्याची भीती वाटते. पोहता येत नाही.

मी ती इतरांसारखीच सपाट केली आणि घमेल्यात ठेवली. छान जळली. राख मी गुलाबाला घातली. कुणाला काही बोलले नाही. शपथ घातली होती ना.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात केंद्रात नवे साहेब आले. प्रत्येक कोर्सचा अहवाल द्या, उपयोग काय झाला ते लिहा, त्यावर ठरवू कोणता ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, असा हुकूम निघाला. अहवाल इंग्रजीत हवा. उस्तादांचं इंग्रजी हुकमांपुरतं. ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले.

"म्याडम, हा पीरियड बंद झाला त मी काय करीन? मले दुसरं काही नाही येत," ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना दाराकडे पाठ करून बसलेलं पाहिलं.

मी मन लावून लिहिलं. सहा पानं. श्वास, शिस्त, तो मिठाईवाला शिपाई, सगळं. चिठ्ठ्यांबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, त्याचं मराठी असं होईल: 'अखेरीस प्रशिक्षणार्थी आपली भीती अग्नीच्या स्वाधीन करतो आणि ओझं उतरवून कर्तव्यावर निघतो.' वाक्याचा तोल मला फार आवडला होता. मी ते उस्तादांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "तुमी त माह्यापेक्षा चांगलं ओरडता, म्याडम."

अहवाल पाकिटात घालायचा होता त्या सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन खाली आले. आतल्या पानावर छोटी बातमी होती. गस्तीवरची तुकडी पूर आलेला नाला ओलांडत असताना एक जवान वाहून गेला. गोळी नाही, स्फोट नाही. गाव अहिवारा. फोटो ओळखपत्राचा होता, त्यात तो हसत नव्हता, तरी मी ओळखला.

उस्तादांचे डोळे लाल होते, आवाज मात्र चढलेला. "मी त्याच्या हवालदाराले फोन केला. तो सांगून राहिला, हुकूम झाला अन् पोट्टा सीधा पान्यात उतरला. एक शब्द नाही. दोर बांधू का, थांबू का, काहीच नाही म्हनला. बाकीचे दोघं मागं सरले, हा नाही सरला." त्यांनी टेबलावर हात आपटला. "हे लिवा रिपोर्टात, म्याडम. याच्याहून मोठा सबूत कोनता पाहिजे?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग म्हटलं, "उस्ताद, त्याला पोहता येत नव्हतं."

"तुमाले कसं काय माहीत?"

मी सांगितलं. उलगडलेले कागद, पेन्सिल, गोल अक्षरं, सगळ्यांत ती एकच छत्तीसगढी चिठ्ठी, आणि तो निघताना त्याच बोलीत काय म्हणाला होता ते.

ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी करत राहिले, बारीक, आणखी बारीक. मग म्हणाले, "तुमी वाचलं."

"हो."

"अन् मले नाही सांगतलं."

"तुम्ही शपथ घातली होती."

"मी त पालीची बी घातली होती," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मग उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "त्याले 'लेकिन' म्हनाचं असन. मी नाही म्हनू देल्लं."

दुसऱ्या दिवशी जिन्यावर बुटांचा आवाज आला नाही. मी वर पाहिलं तर ते गच्चीवर उघड्या डोळ्यांनी उभे होते आणि पोलाद कारखान्याच्या धुरांड्यांकडे बघत होते. तांब्या रिकामाच होता.

आठवड्यानं आम्ही दोघं अहिवाऱ्याला गेलो. घर दोन खोल्यांचं. दारात चपला खूप. आई भिंतीशी बसली होती, लहानखुरी, तिच्या मांडीवर त्याचा नवा, न वापरलेला टॉवेल. रस्ताभर उस्ताद मला बजावत होते की आपण खरं काय ते सांगायचं, चिठ्ठीचं सांगायचं, माफी मागायची. तिनं उस्तादांना पाहिलं आणि विचारलं, "मोर लइका डर्राइस तो नइ न, गुरुजी?" माझा पोरगा घाबरला तर नव्हता ना?

उस्तादांनी चार मोजून श्वास आत घेतला. मला तो ऐकू आला. "नइ दाई," ते म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी माझी सहा पानं मागून घेतली. मला वाटलं फाडतील. त्यांनी ती नीट ठेवून दिली आणि म्हणाले, "हे सुंदर आहे. खोटं बी नाही. लेकिन दुसरं लिवा." हा शब्द त्यांनी स्वतःच्या वाक्यात वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. नवा अहवाल एक पान भरला. श्वास शिकवणं चांगलं, ते ठेवावं. 'लेकिन'वरची बंदी चूक होती, ती मी उठवतो. आणि शेवटी: चिठ्ठ्या जाळू नयेत, वाचाव्यात, आणि ज्यात काही करता येण्याजोगं असेल ते मुलगा निघण्याआधी करावं. मी त्याचं साधं इंग्रजी केलं. तोल सांभाळायचा प्रयत्न केला नाही.

उत्तर यायला वेळ लागला. तोवर त्यांची एक तुकडी बाकी होती, तिची रवानगी या वेळी दोन आठवडे लांबली होती. त्या तुकडीला त्यांनी चिठ्ठीवर नाव घालायला लावलं, चिठ्ठ्या मैदानात बसून एक एक वाचल्या, आणि मी घरी त्यांची स्वच्छ यादी केली: चष्मा हवा, बूट बदलायचा, गुडघा सुजतो, पोहता येत नाही. हे शेवटचं सात जणांचं निघालं. यादी केंद्रात दिली, पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. मग उस्तादांनी त्या सातांची सुटी मागून घेतली आणि रविवारी त्यांना कुरुदच्या तळ्यावर नेलं. शिकवायला एक म्हातारा केवट, म्हणजे नावाडी, बोलावला, कारण उस्तादांनाही पोहता येत नव्हतं. हे बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी काठावर टॉवेल सांभाळत बसले होते. उस्ताद पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे होते, त्यापुढे जायला धजत नव्हते, आणि तिथूनच ओरडत होते, "श्वास! श्वास!" केवट वैतागून म्हणाला, "तैं चुप रह न गा, पानी पी डारही लइका मन." म्हणजे तू गप रहा ना, पोरं पाणी पितील. मुलं हसली. उस्तादही गप्प बसले. दोन रविवारांत सातांपैकी चौघं तरंगायला लागले. मग तुकडी गेली.

नव्या साहेबांनी त्यांना बोलावून चहा पाजला. चांगला माणूस होता असं उस्ताद म्हणाले. साहेब म्हणाले की तुमचा अहवाल मनाला भिडला, पण एका अपघातावरून कोर्सची पारख होत नसते, आणि अशा याद्या ठेवल्या तर उद्या प्रत्येक जण यादीत नाव घालून जंगल टाळेल. त्यातही काही अर्थ आहे, ओजस. कोर्स बाहेरच्या एका कंपनीला दिला गेला. उस्तादांना शाल आणि नारळ मिळाला. नव्या लोकांच्या पहिल्या समारोपाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते परत आले तेव्हा मी विचारलं, कसं झालं.

"मोठा पडदा होता. गाणं होतं," ते म्हणाले. "शेवटी त्याहीनं चिठ्ठ्या जाळल्या. स्टेजवर. माह्या घमेल्यापेक्षा मोठं घमेलं, पितळेचं."

"तुम्ही काही बोललात?"

"बोलाले उठलो होतो. टाळ्या सुरू झाल्या."

त्यानंतर दोन महिन्यांत ते गावी परतले. डबा माझ्याकडे ठेवून गेले. त्यात आता त्या शेवटच्या तुकडीच्या चिठ्ठ्या आहेत, उलगडलेल्या. सात जणांपैकी सध्या कोण कुठे आहे, मला माहीत नाही. जे तिघं तरंगायला शिकले नाहीत, त्यांची नावं मला पाठ आहेत. गेल्या दिवाळीत उस्तादांचा फोन आला होता. म्हणाले, "घरात पाल निघाली होती. मी साऱ्या गल्लीले सांगतलं." मी हसले. तेही हसले, थोडंसंच.

तर ओजस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. श्वास नीट शिकून घे, तो उपयोगी आहे. फळ्या फोडायच्या तर फोड. पण तुला आठवत असेल, तू दहा वर्षांचा होतास, सुटीत इथं आला होतास, आणि तू मला सांगितलंस की डाव्या कानानं तुला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. शाळेतल्या तपासणीत तू डॉक्टरांच्या ओठांकडे बघून उत्तरं दिलीस. आईला सांगू नको म्हणालास. मी सांगितलं नाही. व्हिडिओ फोनवर तू अजूनही उजवाच कान पुढे करतोस, ते मला दिसतं. यावेळी भरतीच्या तपासणीत काय केलंस, ते मला ठाऊक नाही.

तुझी आई हे मोठ्यानं वाचते आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.